घोडा उजवीकडे पोचत नाही

ता. ४, सोमवार

निवृत्तीचा पहिला दिवस. सवयीनं उठलो, दाढी केली, बूट चढवले आणि मग आठवलं की आता कुठं जायचंय! ही म्हणाली, "घातलेच आहेत बूट, तर कोपऱ्यावरून दूध घेऊन या." आणलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ही बढती.

निरोप-समारंभ मात्र झकास झाला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तडा गेलेला एकही कप यांच्या कानातून सुटला नाही." टाळ्या पडल्या. मी लाजलो वगैरे नाही. खरं तेच बोलले, त्यात लाजायचं काय? कपबश्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणं म्हणजे खायचं काम नाही. डाव्या हातात कप धरून कानाशी न्यायचा, उजव्या हातातल्या लाकडी काडीनं टिचकी मारायची. धड कप 'टण्ण' म्हणतो, तडकलेला 'थड' म्हणतो. आणि हे सगळं कुठं? तर उजव्या बाजूला भट्टीचा पंखा दिवसभर घोंघावत असताना. मध्यंतरी सगळ्यांना कानात घालायचे बोळे वाटले होते. माझी पुडी अजून घरी खणात तशीच आहे. कानावर पोट असलेल्या माणसानं कानात बोळे घालायचे? अक्कल गहाण टाकली की काय!

भेट म्हणून मिनी स्टीरिओ दिलाय. दोन स्पीकर, मध्ये यंत्र. खोकं बघून ही म्हणाली, "मला वाटलं मिक्सर असेल." माणसाच्या कानाचा गौरव झालाय, आणि हिला मिक्सर.

बाकी विशेष नाही. लेकीचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केलाय, त्यामुळे हीच तिकडे जाणार असं चाललंय. दोन-तीन महिने तरी लागतील. जाईल बापडी. मला अजून कोणी काही विचारलेलं नाही.

ता. ५, मंगळवार

यंत्र लावलं. एकट्यानं! लाल तार लाल खाचेत, काळी काळीत. पुस्तिका शब्दन् शब्द वाचली. त्यात काढलंय की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण झाला पाहिजे, तिन्ही बाजू सारख्या. खडूनं फरशीवर त्रिकोण आखला. त्रिकोणात शिलाई मशीन येत होतं, ते बाल्कनीत काढलं. ही झबली शिवत होती. म्हणाली, "उन्हात बसून शिवू?" मी म्हटलं, सकाळी ऊन नसतं. प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायचे!

त्रिकोणाच्या टोकाला माझी आरामखुर्ची. हिची खुर्ची माझ्या उजव्या हाताला, कारण स्वयंपाकघराचं दार त्या बाजूला आहे आणि हिला दर पाच मिनिटांनी उठायचं असतं. जेवायच्या टेबलाशीही आम्ही असेच बसतो.

यंत्राबरोबर नमुन्याची एक सीडी आलीये. तिच्यात एक घोडा आहे. डावीकडून निघतो, टापा वाजवत खोलीच्या मधून जातो आणि उजवीकडे पोचतो, असं पुस्तिका म्हणते. प्रत्यक्षात घोडा जोरात निघतो, मध्यापर्यंत ऐटीत येतो आणि तिथून पुढं मरगळतो. उजवीकडे जायच्या ऐवजी शेजारच्या गल्लीत गेल्यासारखा वाटतो. तीनदा लावून बघितलं. तीनदा तेच.

ही म्हणाली, "पोचला की नीट."

मी म्हटलं, तुला नाही कळणार त्यातलं.

उजवा स्पीकर सदोष आहे. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास केला, त्यालाच सदोष माल भेट द्यायचा! धन्य आहे.

ता. ७, गुरुवार

डावा स्पीकर उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. आता डावा स्पीकर बिघडला. म्हणजे उजवीकडे गेल्याबरोबर बिघडला. आणि बिघडलेला उजवा डावीकडे येताच ठणठणीत झाला. चक्रावून गेलो.

मग तारा अदलाबदल केल्या. उजवीकडे तीच रड.

बराच विचार केल्यावर उलगडा झाला. दोष स्पीकरचा नाही, कोपऱ्याचा आहे. उजव्या कोपऱ्यात हिचं कपाट आहे, कपाटात साड्या, चादरी, लेकीच्या लहानपणची दुपटी. कापड आवाज पितं. कपाट ढकलत ढकलत बोळातून झोपायच्या खोलीत नेलं. फरशीवर ओरखडे उठले. ही दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता हे यंत्र राहील घरात, आम्ही सगळे बाहेर जाऊ."

मनुष्य काहीतरी करायला बघतो तर घरातूनच असा पाठिंबा.

ता. १०, रविवार

आज सहकुटुंब श्रवण. घोडा बाजूला ठेवला, वाद्यवृंद लावला. पुस्तिकेत म्हटलंय, डोळे मिटून ऐकावं. मी मिटले. ही बाजूला बसली होती.

सीडी संपल्यावर डोळे उघडले तर ही माझ्याकडेच टक लावून बघत होती. डोळ्यांत पाणी! चेहरा असा की जणू कशाच्या तरी उत्तरासाठी थांबलीये. मी म्हटलं, "मग? आहे की नाही?"

"कळलं मला," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

याला म्हणतात संगीताची ताकद. जिला उभ्या जन्मात वाद्यवृंद म्हणजे कलकलाट वाटला, तिला एका बैठकीत रडू फुटलं. आणि तेसुद्धा उजवी बाजू बंद असताना! दोन्ही बाजू चालू झाल्या की हिचं काय होईल, याची आत्ताच काळजी वाटते.

ता. ११, सोमवार

लेकीचा फोन आला. मी फोन नेहमी डाव्या कानाला लावतो, उजवा हात लिहायला मोकळा राहतो. टेबलावरची शिस्त. तब्येत बरी आहे म्हणाली. मग जरा घुटमळली. "बाबा, आई म्हणाली की तुम्ही... जाऊ दे. तुमचं मन नसेल तर माझा आग्रह नाही हं."

आग्रह नाही! बरं झालं, स्पष्ट सांगितलं. आई हवी, बाप म्हणजे अडगळ. पहिल्यांदा लेकीला सायकलवर बसवून शाळेत कोणी पोचवलं? रस्ताभर माझ्या कानाशी टकळी चालू असायची. आणि आता आग्रह नाही.

फोन हिच्याकडे दिला. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मी घोडा लावून बसलो. आवाज मोठा ठेवला होता.

ता. १३, बुधवार

दुकानाचा कारागीर आला. मिशाळ, पन्नाशीचा, खांद्याला हत्यारांची पिशवी. मी सगळा इतिहास सांगितला. त्यानं दोन्ही स्पीकर उघडले, तारा तपासल्या, मीटर लावला. मग माझ्या खुर्चीत बसून घोडा ऐकला.

"पोचला की साहेब. पार खिडकीपर्यंत."

मी म्हटलं, पुन्हा ऐका. ऐकला. म्हणाला, "आताही पोचला."

तो उठला, मी बसलो. घोडा मेला. मी म्हटलं, "बघा! आता?" तो माझ्याकडे बघत राहिला. हा माणूस दिवसभर दुकानात मोठमोठ्यानं गाणी लावून बसतो, कान कसला राहणार? त्याला तसं तोंडावर सांगितलं. हसला नुसता. जाताना ही त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि काहीतरी विचारत होती. चहात साखर किती ते विचारत असावी.

संध्याकाळी एक चमत्कारिक प्रकार. मी पेपर वाचत होतो. मान वळवली तर ही माझ्या उजव्या खांद्यामागं गजराचं घड्याळ हातात धरून उभी!

"काय गं?"

"काही नाही. चालू आहे का बघते."

"मग तुझ्या कानाशी धर की."

तिथंच मटकन बसली. मग उठून स्वतःची खुर्ची ओढली आणि माझ्या डावीकडे नेऊन ठेवली. त्रिकोणाचा पार सत्यानाश. मी पुन्हा होती तिथं ठेवली.

ता. १५, शुक्रवार

यंत्रावर एक बटण सापडलं. ते फिरवलं की डावीकडचा आवाज कमी आणि उजवीकडचा जास्त होतो. हेच हवं होतं! पार टोकाला फिरवलं आणि मग आवाज वाढवत गेलो. शेवटच्या खुणेशी घोडा कुठं जरासा बरा वाटायला लागला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकील खाली आले. अक्षरशः दोन्ही कानांवर हात ठेवून! "अहो, तो घोडा माझ्या घरात शिरलाय! देव्हाऱ्याच्या काचा वाजतायत!"

मी म्हटलं, "नीट ऐका, अजून उजवीकडे पोचलेला नाही."

ते हिच्याकडे बघायला लागले. हिनं त्यांना खुणेनं जिन्यापर्यंत नेलं, काहीतरी समजावलं. आश्चर्य म्हणजे वकील परत भांडायला आले नाहीत. उलट जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. वकील आणि पाठीवर हात! काहीतरी शिजतंय.

ता. १६, शनिवार

शिजत होतं ते बाहेर आलं.

सकाळी ही समोर येऊन उभी राहिली. बाजूला नाही, अगदी समोर. म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांना कान दाखवू या. उजवा."

माझा कान! ज्या कानावर कारखाना चालला, तो कान! मी जे बोलू नये ते बोललो. मशीनच्या खडखडाटात तुझेच कान गेलेत म्हणालो. तुझ्या सगळ्या माहेरच्यांना कमी ऐकू येतं म्हणालो. मेव्हण्याला तर फक्त जेवायची हाक ऐकू येते, हेही म्हणालो.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कान दाखवून या. मग मला जे विचारायचंय ते विचारीन. तीनदा विचारून झालं. चौथ्यांदा नाही विचारणार भिंतीला."

भिंत कुठून आली मध्येच? आणि काय विचारायचंय? तीनदा कधी विचारलं? मला म्हणायचं होतं, विचार ना बाई, सोन्यासारखं विचार. पण मी म्हटलं नाही. विनवण्या करायला मी काही लहान नाही.

ता. १९, मंगळवार

हिनं बॅग काढली. एकच. तीत झबली, दुपटी, लोकर, औषधाच्या बाटल्या. परवाची गाडी आहे. मी त्या खोलीतून दोनदा विनाकारण गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ही म्हणाली, "काही हवंय का?" मी म्हटलं, खडू शोधतोय.

तीन महिने मी इथं काय करणार? दूध आणीन. चहा करीन. एका कपाला टिचकी मारीन, मग दुसऱ्याला. मला कोणी 'चला' म्हटलं असतं तर मी यंत्र तसंच टाकून निघालो असतो, हे इथं लिहून ठेवतो. तोंडानं कोणाला सांगायची सोय नाही.

आणि नातवंड झाल्यावर मला फोनवरून कळणार. छान.

ता. २०, बुधवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

ही आत बॅगेवर गुडघा दाबून चेन लावत होती. ते दिसू नये म्हणून मी आरामखुर्ची फिरवली, यंत्राकडे पाठ करून खिडकीकडे तोंड केलं आणि चिडून घोडा लावला.

घोडा लांबून, कुठल्यातरी गल्लीतून निघाला, मध्ये आला आणि पुढं असा दणदणत गेला की मी खुर्चीत ताठ झालो. पोचला! उजव्या स्पीकरपर्यंत पोचला! यंत्र आपोआप दुरुस्त झालं म्हणून मी टाळी वाजवली. खुर्ची परत सरळ केली, पुन्हा लावला. मेला. उलटी केली, जिवंत. सरळ केली, मेला. पाचव्या-सहाव्या वेळेला मी खुर्ची तशीच आडवी सोडून उभा राहिलो.

यंत्र जागेवर होतं. स्पीकर जागेवर होते. फिरत होतो तो फक्त मी.

तरी एवढ्यावर मान्य करणारा मी नव्हे. माल तपासल्याशिवाय नापास करायचा नाही, हा टेबलाचा नियम. स्वयंपाकघरातून आमच्याच कारखान्याचा कप आणला, मीच पास केलेला. खणातून काडी काढली. बोळ्यांची ती पुडी फोडली, इतक्या वर्षांनी. एक बोळा डाव्या कानात घट्ट कोंबला, कप उजव्या कानाशी धरला आणि टिचकी मारली.

काडीचा धक्का बोटांना कळला. आवाज नाही. जोरात मारली. नाही. बोळा काढून डाव्या कानाशी मारली. टण्ण!

कप शाबूत होता. कारखान्यात असतो तर मी मला उचलून नापास मालाच्या टोपलीत टाकलं असतं.

मी घाबरलो. खरंच घाबरलो. कप खाली ठेवला. आणि मग ती उजवीकडची खुर्ची दिसली. हिची. वर्षानुवर्षं तिथंच. जेवताना तिथं, टीव्हीपुढं तिथं. आणि मी डावी कूस धरून झोपतो, म्हणजे चांगला कान उशीत. मी लोकांना सांगत आलो की आमची ही स्वभावानं अबोल आहे.

त्या रविवारी मी डोळे मिटून वाद्यवृंद ऐकत होतो आणि ही मला विचारत होती. येता का माझ्याबरोबर, म्हणून. आणि मी डोळे उघडून तिला म्हणालो, आहे की नाही?

ता. २०, पुढं चालू

स्वयंपाकघरात गेलो. ती डबा भरत होती. जेवायच्या टेबलाशी तिची खुर्ची उचलून माझ्या डाव्या हाताला मांडली आणि बसलो.

म्हटलं, "बस."

बसली.

"उजवा गेलाय," मी म्हटलं. "तपासला. साफ गेलाय."

"माहितीये," ती म्हणाली. "घड्याळ ऐकू आलं नाही तुम्हाला."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस? डावीकडून?"

"विचारणार होते. म्हणून तर खुर्ची हलवली. तुम्ही उचलून परत तिकडे ठेवलीत."

त्रिकोणाचा सत्यानाश, मी लिहून ठेवलंय इथंच.

"त्याआधी मला वाटायचं, तुम्हाला यायचं नाहीये," ती म्हणाली. "दरवेळी गप्प बसायचात. लेकीला तेच सांगितलं मी. रडली ती."

मी म्हटलं, "बरं. आता विचार. हा कान चांगला आहे."

"मी नाही विचारणार." डब्याचं झाकण लावत ती म्हणाली. "तीनदा विचारलं मी. आता तुम्ही विचारा."

आयुष्यात मॅनेजरपुढंसुद्धा कधी रजा मागताना मी अडखळलो नाही. पण हे विचारायला वेळ लागला. "मी... येऊ का तुझ्याबरोबर?"

ती लगेच बोलली नाही. मुद्दाम. मी कान तिच्याकडे करून बसून राहिलो. उत्तर न येणं म्हणजे काय असतं, ते पहिल्यांदा कळलं. फार वाईट असतं.

"तुमचे शर्ट बॅगेत तळाशी आहेत," शेवटी ती म्हणाली. "शनिवारी भांडलात, त्याच दुपारी दोन तिकिटं काढून आणली. न येऊन सांगताय कुणाला? यंत्रासकट उचलून नेलं असतं."

ता. २१, गुरुवार, गाडीत

सकाळी यंत्र वकिलांकडे ठेवायला दिलं. त्यांनी विचारलं, "उजव्या स्पीकरचं काय?" मी म्हटलं, उत्तम आहे, हवं तर लेखी देतो. शिलाई मशीन बाल्कनीतून आत घेतलं. खडूचा त्रिकोण पुसायचा राहिला.

कानाच्या डॉक्टरांना लेकीच्या गावी दाखवायचं ठरलंय. यंत्र लावावं लागेल म्हणे, कानात. त्याची पुस्तिका ही वाचणार आहे, तशी अटच घातलीये.

मला खिडकीची जागा. उजवा कान खिडकीला, डाव्या हाताला ही. गाडी सुटल्यापासून बोलतेय. लेक, जावई, बाळाचं नाव, शेजारीण, सतरा वर्षांपूर्वी मी विसरलेली कुठलीशी छत्री, कपाटामुळं फरशीवर उठलेले ओरखडे, मेव्हण्याबद्दल मी जे बोललो ते. सगळी साठलेली बाकी आज वसूल चाललीये. आणि बायकोचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची जी सोय बाकीच्या नवऱ्यांना असते, ती मला राहिलेली नाही. आत गेलं की आतच राहतं.

ही विचारतेय काय लिहिताय. वही मिटतो.